वहिनीचा पाटा

आमच्या घराला कोळंबीचा वास होता, आणि तो आम्हाला कधीच आला नाही. शाळेत बाकावर शेजारी बसणारी मुलगी हळूच सरकून बसायची तेव्हा मला वाटायचं, हिला काय मुंग्या चावतात की काय! राजापूरच्या बाजूला नाटे गावात, खाडीच्या वरच्या अंगाला आमचं घर, आणि घरापुढे खळं. पाऊस सरला की ते खळं चोपून, शेणानं सारवून गुळगुळीत व्हायचं आणि मग पुढचा पाऊस येईपर्यंत त्याच्यावर कोळंबी वाळत असायची. बाबा मी चौथीत असतानाच गेले. त्यानंतर आईनं हा सोड्यांचा धंदा एकटीनं उभा केला. खाली बंदरावर होड्या लागल्या की टोपल्या वर यायच्या, वाडीतल्या पाचसहा बायका पडवीत पाय पसरून बसायच्या आणि सोलणं सुरू व्हायचं. डोकं मोडायचं, साल ओढायची, पाठीतला काळा दोरा काढायचा, कोळंबी टोपात टाकायची. मीठ लावून कडक वाळली की तिचे सोडे झाले, आणि सालं गेली माडांच्या आळ्यात. सालं निघण्याची बारीक चटचट, बायकांच्या गजाली, आणि मधूनमधून आईनं कावळ्यांना घातलेल्या शिव्या: "मेल्यांनो, तुमच्या बापसाची हाय काय!" माझ्या लहानपणाचा आवाज म्हणजे हाच. अजूनही कुठे कुणी काही सोलायला बसलं की मी त्या खोलीतून उठून जाते.

वहिनी आली ती घाटावरून, कराडच्या बाजूच्या एका गावातून. दादा मुंबईला कारखान्यात होता, तिथल्या त्याच्या दोस्ताची ही बहीण. आईच्या मनात वाडीतलीच कुणीतरी होती, पण दादानं ठरवल्यावर तिनं तो विषय सोडला. एवढंच म्हणाली, "घाटावरची हाय. भाताला नाक मुरडील." वहिनीनं भाताला नाक मुरडलं नाही. तिला फक्त ज्वारीच्या भाकरीची आठवण यायची, आणि आली की ती लसूण, सुकं खोबरं, लाल मिरची घालून पाट्यावर चटणी वाटायची, तांदळाच्या भाकरीबरोबर खायची आणि डोळ्यांतून पाणी काढत म्हणायची, "आता कसं बरं वाटलं, बया!" मी तेव्हा नववीत. ती माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी, तरी आईसमोर मला "वन्सं, तुम्ही" म्हणायची आणि विहिरीवर गेलो की "तू" वर यायची. मी तिच्या बोलण्याची नक्कल करायचे, ती माझ्या 'गो' ची करायची. मला बहीण नव्हती. दादा बारा महिने मुंबईला. ती आल्यावर मला पहिल्यांदा शाळेतून घरी पळत यावंसं वाटायला लागलं.

आल्या आल्या आईनं तिला कोळंबीचं कालवण वाढलं होतं. कैरी घातलेलं, वर खोबरेल सोडलेलं. वहिनी बोटं चाटून म्हणाली, "असलं कधी खाल्लंच नव्हतं ओ आत्याबाई." झालं काहीच नाही. दोनतीनदा असंच झालं. आई खूश! आणि मग महिन्याभरानं एके दिवशी जेवण होऊन हात धुते न धुते तोच तिच्या अंगावर गांधी उठल्या. मानेवर, पोटावर, दंडावर लाल चकंदळं, आणि खाज अशी की बिचारी भिंतीला पाठ घासायला लागली. आईनं आमसुलं भिजत घातली आणि ते पाणी स्वतःच्या हातानं तिच्या सगळ्या अंगाला चोळलं. "पित्त उठलाय. उतरंल," म्हणाली. उतरलं. पण पुढच्या वेळी पुन्हा उठलं, त्याच्या पुढच्या वेळी ओठ सुजले, आणि नंतर नंतर तर नुसती कोळंबी सोलायला बसली तरी हात मनगटापर्यंत लाल व्हायला लागले. पडवीतल्या बायका एकमेकींकडे बघायच्या. "सून कामातून बरी सुटली गो," असं एकजण आईच्या तोंडावर म्हणाली. त्या दिवशी आई जेवली नाही.

दादा गणपतीला आला तेव्हा वहिनीचा एक डोळा सुजून बंद झालेला होता. कुणीतरी सोड्यांच्या हातानं भांडं घासलं होतं, तेवढंच निमित्त. दादा तसा आवाज न चढवणारा माणूस. तो उठून राजापूरला गेला आणि येताना एक लहानसा पाटा आणि वरवंटा खांद्यावर टाकून आला. नवा, टाकी लावलेला, खरखरीत. तो त्यानं चुलीच्या पलीकडे कोपऱ्यात ठेवला आणि आईला म्हणाला, "हा तिचा. तिची चटणी ह्याच्यावर. कोळंबी ह्या पाट्याला लावायची न्हाय, आणि हिला लावायची न्हाय." वहिनी तो पाटा रोज धुवायची आणि उन्हाला टेकवून ठेवायची.

पुढे मी रत्नागिरीत शिक्षिका झाले, विज्ञान शिकवलं, आणि निवृत्त होईपर्यंत दर वर्षी एक धडा मी दुसऱ्या बाईंना घ्यायला लावला. रोगप्रतिकारशक्तीचा. घसा बसलाय, डोकं दुखतंय, काहीही कारण सांगायचे. धड्यात चूक काहीच नव्हती. अंगाचं एक मोठं काम म्हणजे आपलं कोण आणि परकं कोण ते ओळखणं. जंतू आत शिरला की त्याच्या अंगावरची खूण बघायची, ती लक्षात ठेवायची आणि त्याच खुणेवर नेमकी बसतील अशी प्रतिपिंडं तयार ठेवायची. पुन्हा तोच आला की पांढऱ्या पेशी वेळ घालवत नाहीत. म्हणून तर लस टोचतात, थोडं आधी दाखवून ठेवतात. नववीत मला हा धडा पाठ होता. मोठ्यानं, ठसक्यात, कंदिलाची काच पुसता पुसता सगळ्या घराला ऐकू जाईल असा मी तो म्हणायचे. फार अक्कल होती ना मला!

दिवाळी झाली आणि दादाचं पत्र आलं. मीच वाचून दाखवलं. 'इथे एक खोली बघितली आहे. शिमग्याला येईन तेव्हा हिला घेऊन जाईन. तिला घरचा वारा मानवत नाही, त्यात कुणाचा दोष नाही.' वहिनी मान खाली घालून बसली होती, पण तिचे पाय आनंदानं हलत होते, मी बघितलं. आई उठून खळ्यात गेली. मी मागोमाग गेले तर ती वाळलेले सोडे उगाचच वरखाली करत होती. "गेली म्हंजे दोगंय गेली," आई म्हणाली. "मग मी न् तू. आणि तुजं लगीन झालं की मी एकटी." आईला रडताना मी बाबांच्या वेळेनंतर तेव्हाच बघितलं. आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. वहिनी जायला नको होती. ती माझी होती. विहिरीवर मी एकटी काय करणार होते?

तेव्हा मी बोलले. मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "आई, देवीची लस टोचायला माणूस यायचा ना? तो रोगाचंच थोडं आत घालायचा, म्हणजे अंग ओळखून ठेवतं, मग रोग बाधत नाही. पुस्तकात दिलंय." आईनं पदरानं तोंड पुसलं. "थोडं म्हंजे किती?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "चिमूटभर असेल." आईनं खळ्यातला एक सोडा उचलून बोटांत चुरला. मग म्हणाली, "मीठ जास्त झालेला सोडा भाजून कुटला तर चटणीत कळत पण न्हाय." कुणाला सांगायचं नाही अशी तिनं मला शपथ घातली, आणि मला ती घालून घ्यायला आवडली. आमच्या दोघींचं काहीतरी मोठं, शहाणपणाचं काम चाललं होतं.

आईचा उजवा खांदा त्या वर्षी बंदराच्या पायऱ्यांवर पडून दुखावला होता, वरवंटा तिला ओढवायचा नाही. म्हणून वाटायचं मी. वहिनी सकाळी विहिरीवर गेली की मी दोन सोडे निखाऱ्यावर भाजायचे, बत्त्यानं कुटायचे, त्यातली एक चिमूट तिच्या त्या पाट्यावर लसूण-खोबऱ्याबरोबर घ्यायचे आणि रगडून रगडून वाटायचे. "वन्सं, रोज रोज माझी चटणी तुम्ही का वाटताय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "तू जाणार ना मुंबईला, मग कोण वाटून घालणार तुला?" तिनं माझा गालगुच्चा घेतला. तिचे डोळे भरले होते.

आठ-नऊ दिवस झाले. अंगावर एक गांधी उठली नाही. आई मला डोळ्यानं खुणावायची, बघ, अंगाला लागतंय! ती वहिनीशी हसून बोलायला लागली, तिच्या केसांना तेल लावून दिलं. वहिनीचा चेहरा फुलला. आणि विहिरीवर एक दिवस, कळशी काठावर ठेवून, ती मला हळूच म्हणाली, "ऐक ना गं. जेवले की हल्ली ओठ चुरचुरतात. घशात पण काहीतरी अडकल्यागत होतंय. पण आत्याबाईंना सांगू नको हां. आत्ता कुठं त्या माझ्याशी बऱ्या बोलायला लागल्यात. परत म्हणतील नखरे."

मी सांगितलं नाही. आईचं गुपित वहिनीला सांगायचं नव्हतं आणि वहिनीचं आईला. दोघींनी माझ्यावर विश्वास टाकला होता, आणि मला त्याचा अभिमान होता. पन्नास वर्षं मी हे वाक्य मनात फिरवून बघते आहे. एक शब्द बोलले असते, कुणाकडेही, तरी पुरलं असतं.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. वहिनीनं सकाळपासून गोधड्या धुवायला काढल्या होत्या, भर उन्हात विहिरीच्या चार खेपा झाल्या. दुपारी जेवायला आली तेव्हा घामानं निथळत होती आणि भूक इतकी की भाकरीवर चटणी थापून तिनं उभ्या उभ्याच पहिला घास घेतला. मी तिच्यासमोर बसून भात कालवत होते. दुसरी भाकरी अर्धी झाली आणि तिनं तळहात खाजवला. मग दुसरा. मग म्हणाली, "वन्सं, पाणी द्या." पाणी घशाखाली उतरलं नाही, नाकातून आलं. तिचा चेहरा लाल झाला आणि बघता बघता पांढराफटक पडला. छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज यायला लागला. आई पडवीतून धावत आली. पहिलंच वाक्य आईनं उच्चारलं ते, "हिला पान लागलं की काय गो!" पान लागलं म्हणजे साप चावला. विहिरीकडच्या वाटेवर गवत होतं, फुरसं निघायचं, आईच्या मनात ते येणं साहजिक होतं. पण मग आईनं ताटाकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटतं तेव्हाच तिला कळलं. मलाही कळलं.

शेजारच्या दोघांनी तिला खुर्चीत बसवून उचललं. बाजारपेठेतल्या डॉक्टरांकडे उतारानं दहा मिनिटांची वाट. मी खुर्चीला धरून पळत होते. वहिनीनं माझं मनगट पकडलं आणि फुटक्या आवाजात विचारलं, "चटणीत काय होतं गं?"

मी म्हटलं, "काही नाही. नेहमीचीच."

डॉक्टर चांगला माणूस. त्यानं तिला टेबलावर घेतलं आणि भराभर विचारायला लागला. काय खाल्लं? काही चावलं का? दमा आहे का? आई म्हणाली, "भाकरी-चटणी खाल्लीन. इहिरीवर गेली व्हती, पान लागलं असंल." डॉक्टरनं पुन्हा विचारलं, "मासे, कोळंबी, काही?" आई गप्प. तो माझ्याकडे वळला. "तू सांग गो बाय. काय खाल्लं तिनं?" माझ्या तोंडात भाताची चव होती अजून. मी म्हटलं, "कोळंबी तिला आम्ही देतच नाही." मग त्यानं तिची पावलं बघायला घेतली. एकेक बोट, टाचा, घोटे, पोटऱ्या. दिवा जवळ धरून दातांच्या खुणा शोधत राहिला. तिची शीळ हळूहळू बारीक होत गेली. माझ्या मनगटावरचा हात सुटला तेव्हा डॉक्टर अजून तिच्या डाव्या पायाच्या बोटांत बघत होता.

माझी नात हल्ली ह्याच विषयाचा अभ्यास करते. तिला मी हे दुसऱ्याच कुणाचं म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "आजी, पहिल्या वेळी काहीच होत नाही गं. पहिल्या वेळी अंग फक्त खूण बघून ठेवतं. कोळंबीत एक साधं प्रथिन असतं, बिचारं कुणाच्या वाट्याला न जाणारं. एखाद्याचं अंग त्यालाच शत्रू समजून बसतं, आणि मग एक दिवस असं काही तुटून पडतं की घसा सुजतो, रक्तदाब कोसळतो, माणूस त्या लढाईनंच जातो." मी विचारलं, "आणि थोडं थोडं देऊन सवय लावतात म्हणे?" ती म्हणाली, "लावतात की. पण दवाखान्यात, मोजून, अ‍ॅड्रेनॅलिनची सुई तयार ठेवून. आणि ओठ चुरचुरले की लगेच थांबतात." मग म्हणाली, "तेव्हाच्या डॉक्टरकडेही असायची ती सुई. त्याला नुसतं कळायला हवं होतं." मी बरं म्हटलं आणि भाजी निवडायला घेतली. म्हणजे आमची कल्पना वेड्यासारखी नव्हती. धडाही खरा होता. सगळं खरं होतं, आणि ती मेली.

दादा दुसऱ्या दिवशी आला. रडला नाही. घरात चूल पेटवायची नव्हती, सगळं जसंच्या तसं पडलेलं. तो स्वयंपाकघरात गेला, कोपऱ्यात उकिडवा बसला आणि बराच वेळ तिथेच होता. मी दारातून बघितलं आणि मागे सरले. दिवसकार्य होईपर्यंत तो थांबला, मुंबईला परत गेला, आणि पुन्हा लग्न केलं नाही. गावात, नात्यात, सगळीकडे वहिनीला पान लागलं असंच राहिलं. आईनं पुढच्याच महिन्यात सोड्यांचा धंदा बंद केला. खळं तिनं पुन्हा कधी सारवलं नाही, त्यात गवत माजलं. शेवटच्या दुखण्यात ती रत्नागिरीला माझ्याकडे होती. शुद्ध जायच्या आधी मला म्हणाली, "चिमूटच घालत व्हतीस ना गो?" मी म्हटलं, "चिमूटच, आई." ते तरी खरं होतं.

गेल्या उन्हाळ्यात दादाला मी माझ्याकडे आणलं. त्याची नजर जवळजवळ गेली आहे. डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स फॉर्म भरत होती. तिनं विचारलं, "आजोबा, कशाची अ‍ॅलर्जी?" दादा म्हणाला, "मला न्हाय. माझ्या बायकोला होती. कोळंबीची." नर्स हसली आणि पुढचा रकाना भरायला लागली. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले.

संध्याकाळी गॅलरीत बसलो होतो. दादा समोर बघत म्हणाला, "शालू, त्या पाट्याला सोड्यांचा वास होता."

मी कठड्यावरचा टॉवेल काढून घडी घालायला घेतला.

"आईला विचारलं मी, तेव्हाच. ती म्हणाली, माझ्या हातून झालं. पण आईचा खांदा गेला होता त्या वर्षी. वरवंटा तिला ओढवत नव्हता." तो थांबला. "म्हटलं, शालू लहान हाय. मोठी झाली की सांगंल."

मी सत्तरीला आले आहे. मी म्हटलं, "चहा टाकू?"

तो म्हणाला, "टाक."

त्याच रात्री झोप येईना, तेव्हा हे लिहायचं ठरवलं. तोंडानं जे निघत नाही ते हातानं तरी निघेल असं वाटलं. पण दादाला आता वाचता येत नाही. त्याला हे कळायचं तर कुणीतरी वाचून दाखवायला हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे मीच. काल सकाळी धीर करून वही घेतली आणि त्याच्याजवळ जाऊन बसले. त्यानं कान माझ्याकडे केला. मी पहिलं वाक्य वाचलं, आमच्या घराला कोळंबीचा वास होता, आणि तो आम्हाला कधीच आला नाही.

"मग?" दादा म्हणाला. "पुढं?"

मी वही मिटली. म्हटलं, "पुढचं अजून लिहिलं नाही."